पेरले तसे का उगवले नाही?



‘पेराल तसे उगवेल’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती खोटी आहे असे कोणी म्हणाले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण कधी कधी खाचरातच ती खोटी ठरते, आणि ठरते तेव्हा घरातले वर्षाचे भात घेऊन जाते.

मुंबई-गोवा रस्त्याने नागोठणे मागे टाकून कोलाडकडे निघाले की रोहा तालुक्यातले खांब लागते. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल आणि कालव्याला पाणी सुटेल त्या वर्षी उन्हाळी भात, असे हे शिवार. या शिवारातले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. दोन एकरांचे खाचर. कारभाऱ्याने एका वर्षी दुकानातून संकरित भाताची पिशवी आणली. पीक असे आले की शेजारीपाजारी बांधावर उभे राहून पाहून गेले. झोडणी झाली तेव्हा घरधनीण म्हणाली, “अहो, असं सोन्यासारखं बियाणं घरात असताना पुढच्या साली पुन्हा पिशवीला पैसे कशाला घालायचे?” बोलणे कुणालाही पटावे असेच होते. चांगले टपोरे भात निवडून, वाळवून, पेंढ्यात मुडी बांधून माळ्यावर ठेवले.

पुढच्या पावसाळ्यात राब भाजला, पेरणी झाली, लावणी झाली. तोवर सारे ठीक होते. भाद्रपदात मात्र खाचर पाहवेना. एक रोप कमरेइतके, शेजारचे गुडघ्याइतके. काही निसवून पिवळे पडू लागले, तर काही अजून पोटरीत. काहींच्या लोंब्या भरल्या, काहींच्या नुसत्या पोच्या. कापणी कधी करावी हेच कळेना. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने मात्र घरचेच रत्नाचे बी पेरले होते आणि त्याचे खाचर ताटात वाढल्यासारखे एकसारखे उभे होते.

दोघांनीही घरचेच बी पेरले. मग एकाचे उगवले तसे दुसऱ्याचे का नाही? दुकानदाराने फसवले नव्हते, खत कमी पडले नव्हते आणि नजरही लागली नव्हती. बी कसे तयार होते आणि आईबापांचे गुण त्यात कसे उतरतात, हे एकदा समजले की या कोड्याचे उत्तर आपोआप मिळते.

भाताचे फूल

आयुष्य भातशेतीत गेले तरी भाताचे फूल निरखून पाहिलेली माणसे थोडी. लोंबी निसवल्यावर उघडीप पाहून सकाळी दहा ते बाराच्या सुमारास बांधावर बसा. ज्याला आपण पुढे दाणा म्हणणार तो या वेळी दाणा नसतो. दोन हिरव्या तुसांची ती मिटलेली ओंजळ असते. ती हळूच उघडते. आतून सहा बारीक दोरे बाहेर लोंबतात आणि त्यांच्या टोकांना पिवळसर पिशव्या असतात. हे पुंकेसर, म्हणजे फुलातला बाप. आत बुडाशी पिसासारखे दोन लहान तुरे दिसतील. तो स्त्रीकेसराचा भाग, म्हणजे आई. पिशव्या फुटतात, पराग तुऱ्यांवर पडतो आणि सुमारे तासाभरात ओंजळ पुन्हा मिटते. ती पुढे भात पिकेपर्यंत उघडत नाही.

यात ध्यानात घेण्यासारखे एवढेच, की पिशव्या फुटतात त्या फूल उघडता उघडता, आणि पराग पडतो तो आपल्याच तुऱ्यावर. भाताच्या परागाचा जीवही काही मिनिटांचाच. वाऱ्याने तो शेजारच्या लोंबीवर गेला तरी तिथे बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून भातात परक्या परागाने धरलेला दाणा शंभरात एखादासुद्धा मिळणे कठीण. शास्त्रज्ञ याला स्वपरागीभवन म्हणतात. बाप आणि आई एकाच रोपाची, एकाच घरची.

आता गुण कसे उतरतात ते पाहू. बहुतेक झाडांच्या आणि प्राण्यांच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि ते जोडीजोडीने असतात. भाताची २४, म्हणजे बारा जोड्या. आंब्याची ४०, माणसाची ४६. उंची किती, दाणा बारीक की जाड, हळवे की गरवे, या साऱ्याची जणू चिठ्ठ्यांवर लिहिलेली नोंद या धाग्यांवर असते. या चिठ्ठ्यांना जनुके म्हणतात. परागकण तयार होताना प्रत्येक जोडीतला एकच धागा त्यात जातो आणि बीजांडातही एकच. दोघांची गाठ पडली की जोडी पुन्हा पुरी होते. म्हणजे दाण्यातल्या दर जोडीतली एक चिठ्ठी बापाची आणि एक आईची.

शेजाऱ्याचे रत्ना एकसारखे का उगवले, हे इथेच उलगडते. रत्नाच्या रोपात प्रत्येक गुणाच्या दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच. बापाकडून कोणतीही येवो, आईकडून कोणतीही येवो, मजकूर तोच. मग पोर वेगळे कसे निघणार?

एका शेतकऱ्याच्या पोराचे वाटाणे

हा चिठ्ठ्यांचा हिशेब प्रथम ज्याने मांडला, तो शेतकऱ्याचाच मुलगा होता. ग्रेगोर मेंडेल त्याचे नाव. आज ज्याला चेक देश म्हणतात, तिथल्या एका खेड्यात १८२२ साली तो जन्मला. शिक्षणाला पैसा पुरेना म्हणून ब्रनो शहरातल्या मठात तो साधू झाला. मठाच्या बागेत १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्याने वाटाणे लावले.

वाटाणा का? तर वाटाण्याचे फूल आपल्या वालाच्या फुलासारखेच. पाकळ्यांच्या आत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र झाकलेले, म्हणजे लग्न घरच्या घरी. यंदा वाल फुलले की एक फूल तोडून खालची होडीसारखी पाकळी उलगडून पाहा. मेंडेलने अशा फुलातले पुंकेसर ते पिकण्याआधीच चिमट्याने काढले आणि दुसऱ्या जातीचा पराग कुंचल्याने आणून लावला. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचे त्याने असे लग्न लावले.

पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशीच झाली. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. मेंडेलने ते गोल दाणे पेरले, त्यांचे लग्न घरच्या घरी होऊ दिले आणि जे दाणे आले ते मोजत बसला. ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. सुरकुती मेली नव्हती, एक पिढी दडून बसली होती. गोलपणाची चिठ्ठी जबर, सुरकुतीची दुबळी. दोन्ही एकत्र आल्या तर जबर चिठ्ठीचे चालते. पण पुढच्या पिढीत चार पोरांमागे एकाच्या वाट्याला दोन्ही दुबळ्या चिठ्ठ्या येतात आणि आजोबाची सुरकुती नातवाच्या तोंडावर दिसते.

हे त्याने १८६५ साली सभेत वाचून दाखवले आणि १८६६ साली छापले. कोणी फारशी दखल घेतली नाही. १८८४ साली तो वारला आणि १९०० साली तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तेच नियम पुन्हा सापडले, तेव्हा जगाला या मठातल्या वाटाण्यांची आठवण झाली.

कर्जतचे बी आणि सह्याद्रीचे बी

आता आपल्या खाचरात परत येऊ. दुकानात सुधारित आणि संकरित असे दोन शब्द कानांवर पडतात आणि पुष्कळ जण दोन्हींचा अर्थ ‘चांगले, महागातले’ एवढाच घेतात. सारा घोटाळा इथेच होतो.

सुधारित वाणाचा जन्मही दोन जातींच्या लग्नातूनच झालेला असतो. रत्ना हे १९७० सालचे वाण टीकेएम-६ आणि आयआर-८ या दोन भातांपासून निघाले. त्यातले आयआर-८ हे फिलिपाइन्समधल्या संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेले. तेही उंच पेटा आणि तैवानचे ठेंगणे भात यांचे अपत्य. त्या ठेंगण्या बापाची एक चिठ्ठी भातशेतीत मोठी क्रांती करून गेली. पूर्वीचे उंच भात खत वाढवले की आडवे पडायचे. हे ठेंगणे उभे राहिले.

परंतु लग्न लावून वाण तयार होत नाही. लग्नानंतरच्या पोरांत तऱ्हेतऱ्हेचे नमुने निघतात, ते वर्षानुवर्षे निवडावे लागतात. भाताचे लग्न घरच्या घरी होत असल्यामुळे वेगळ्या चिठ्ठ्यांच्या जोड्या दर पिढीला निम्म्या होत जातात. निम्म्या, मग पाव, मग आठवा हिस्सा. सहा पिढ्यांनी चौसष्टात एक उरते. मग वाण पक्के झाले असे समजतात. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून भातावर काम करत आले आहे. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघाले आणि कर्जत त्याच्याकडे आले. कर्जत-३, कर्जत-७ ही भाते आणि खाऱ्या जमिनीसाठी काढलेली पनवेलची वाणे ही अशी पक्की केलेली सुधारित वाणे. यांचे बी घरी धरता येते.

कर्जतहूनच १९९८ साली सह्याद्री हे वाण आले आणि पुढे त्याच्या नावाला आकडे लागून त्याची भावंडे आली. ही संकरित. इथे लग्नाच्या पहिल्या पिढीचेच बी पिशवीत भरून विकतात. दोन दूरच्या जातींची पहिली पिढी आईबापांपेक्षा जोमदार निघते, हा निसर्गाचा गुण आहे. चांगल्या सुधारित वाणापेक्षा पंधरा ते वीस टक्के जास्त भात मिळते असे सर्वसाधारणपणे धरतात. बियाणेही हेक्टरी वीस किलोच पुरते.

पण भाताचे लग्न घरच्या घरी होते, मग हजारो किलो संकरित बी तयार करायचे कसे? एकेक फूल चिमट्याने उघडत बसले तर मूठभर बी निघायचे. हा पेच चीनमध्ये सुटला. १९७० साली युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना हैनान बेटावर एक रानभात सापडले, त्याचा पराग मुळातच वांझ होता. बाप नसलेले फूल मिळाले. त्याच्यापासून तयार केलेल्या वांझ परागाच्या ओळी आणि चांगल्या परागाच्या ओळी शेजारी शेजारी लावतात आणि फुलण्याच्या वेळी दोरी किंवा काठी फिरवून पराग उडवतात. १९७६ पासून चीनमध्ये असे संकरित भात मोठ्या प्रमाणावर पेरले जाऊ लागले. पिशवीची किंमत जास्त असते ती या खटाटोपामुळेही. सगळाच पैसा खटाटोपाचा असतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

आता त्या माळ्यावरच्या मुडीकडे पाहा. संकरित रोपाच्या कितीतरी जोड्यांत दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत. पिशवीतल्या प्रत्येक दाण्यात त्या एकाच तऱ्हेने जुळवलेल्या, म्हणून पहिल्या वर्षी पीक एकसारखे. त्या पिकाचे दाणे तयार होताना मात्र चिठ्ठ्या पुन्हा फिसकटल्या, पत्त्यांचा डाव पिसावा तशा. एका जोडीपुरते बोलायचे तर निम्म्याच दाण्यांत मूळची जुळणी राहते. दहा जोड्या धरल्या तर दहाही ठिकाणी मूळची जुळणी असलेला दाणा १,०२४ मध्ये एक. घरधनिणीने कितीही टपोरे दाणे निवडले तरी ही जुळणी डोळ्यांना दिसत नाही.

आणि पोच्या लोंब्या? वांझ परागाचा दोष आईच्या पेशीतून, गुणसूत्रांच्या बाहेरून येतो आणि तो सगळ्या लेकरांना मिळतो. ‘खाण तशी माती’ म्हणतात ते इथे अक्षरशः खरे. बापाकडून या दोषावर उतारा देणारी चिठ्ठी आलेली असते, म्हणून पहिल्या वर्षी लोंबी भरते. दुसऱ्या पिढीत काही रोपांना हा उतारा मिळतच नाही. ती वाढतात, निसवतात आणि पोची राहतात.

म्हणून संकरित पेरायचे ठरवले तर दर वर्षी पिशवी घ्यावी लागणार, हे घरखर्चात आधीच धरा. ते परवडत नसेल तर चांगले सुधारित वाण घ्या आणि घरचे बी नीट राखा. दोन्ही मार्ग शहाणपणाचे आहेत. संकरित घेऊन घरचे बी धरायचे, हा तिसरा मार्ग तेवढा बुडीत आहे.

घरचे बीही का बिघडते

कोणी म्हणेल, आमचे तर सुधारितच होते, तरी पाचसात वर्षांत त्याची भेसळ झाली. होते खरी. खळ्यावर शेजारच्या वाणाचे दाणे मिसळतात. गेल्या वर्षी गळलेले दाणे लावणीत उगवतात. सखल खाचरात देवभात माजते. त्याचे कुसळवाले दाणे पिकण्याआधीच गळतात आणि मातीत दबा धरून राहतात. शंभरात एखाद्याहून कमी म्हटले तरी परका पराग कधीतरी साधतोच. आणि क्वचित चिठ्ठीच्या मजकुरात आपोआप फरकही पडतो.

वेगळे निघालेले प्रत्येक रोप वाईटच असते असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी उपटून फेकल्या नाहीत. वेगळ्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्ष निवड केली. त्यातून जे बारीक भात निघाले ते एचएमटी या घड्याळाच्या नावाने महाराष्ट्रभर आणि बाहेरही गेले. त्यांना पुढे राष्ट्रीय सन्मान मिळाला. नावाच्या मानाने पैसा फारसा मिळाला नाही. २०१८ साली ते वारले. मेंडेलचे नाव त्यांनी ऐकले असो वा नसो, निवड करायची रीत तीच होती.

आंब्याची कोय आणि घरातले बोलणे

आंब्याचे मात्र उलटे आहे. हापूसच्या झाडातच वेगळ्या चिठ्ठ्यांच्या जोड्या भरपूर, त्यात पराग बहुधा परक्या झाडाचा. म्हणून हापूसची कोय लावली की रायवळ निघते. कलम म्हणजे लग्न नव्हे. त्याच झाडाची फांदी दुसऱ्या मुळावर वाढते, चिठ्ठ्या पिसल्याच जात नाहीत, म्हणून हापूसचा हापूस राहतो. केळीचे मुनवे आणि हळदीचे गड्डे हीच रीत. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांचे लग्न लावून रत्ना आंबा १९८१ साली दिला, तोही आपल्यापर्यंत कलमानेच येतो. परसात टी बाय डी नारळ असेल तर त्याचा नारळ रोपासाठी रुजत घालू नका. त्याची गत मुडीतल्या संकरित भातासारखीच व्हायची.

गोठ्यात गाईला चांगल्या वळूचे बीज भरवले म्हणजे सारे दूध वळूकडून येते असे नाही. निम्मा वाटा गाईचा असतोच. आणि माणसांतही हेच. बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. ती साफ चुकीची आहे. निम्मे बी बाईचे असते. राहिली गोष्ट मुलगा-मुलीची. माणसाच्या तेविसाव्या जोडीत बाईची दोन्ही गुणसूत्रे सारखी, तिच्याकडून येते ते एकाच प्रकारचे. पुरुषाची दोन वेगळी. त्याच्याकडून एक आले तर मुलगी, दुसरे आले तर मुलगा, आणि कोणते यावे हे त्याच्याही हातात नाही. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला टाकून बोलणाऱ्या घरात हा मजकूर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा.

मुडी बांधण्याआधी

सुधारित वाणाचे घरचे बी राखायचे तर काम कापणीच्या आधी सुरू होते. बी धरायचा तुकडा खाचराच्या मधोमध राखा. दुसऱ्या वाणाच्या बांधापासून निदान तीन मीटर सोडा. फुलोऱ्यात एकदा आणि कापणीपूर्वी एकदा त्यातून फिरा. उंच, ठेंगणे, वेगळ्या रंगाचे, कुसळाचे जे दिसेल ते मुळासकट काढा. हे काम घरातल्या बाया पुरुषांपेक्षा चांगले करतात, हे आम्ही पाहिले आहे. त्या तुकड्याची झोडणी आधी आणि वेगळी करा. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. दर तीन वर्षांनी थोडे नवे प्रमाणित बी आणा. त्याच्या पिशवीला निळे लेबल असते. पिशवीवर ‘संकरित’ लिहिले आहे का, हेही तेव्हाच वाचून घ्या. घरचे बी धरण्याचा, पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिलेला आहे. छापील नावाने पिशव्या भरून विकता मात्र येत नाही.

पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओता. तरंगेल ते पोचे काढून टाका. खाली बसलेले बी दोनतीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

आणि हे सारे करण्याआधी, मे महिन्यातच, मुडीतले शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. आठवड्याने, फार तर दोन आठवड्यांनी उलगडून मोड मोजा. ऐंशी किंवा जास्त रुजले तर बी पेरणीला चालेल. त्याहून कमी असतील तर दुसरे बी शोधायला पाऊस लागेपर्यंत अजून दिवस आहेत.